स्टेटस लावायचं पण रूममेटपासून लपवून... बरोबर की चूक?

खानापूरकरीण:
विषय साधाच आहे. व्हॉट्सॲपला 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट' म्हणून एक सेटिंग असतंय, ठरावीक माणसांना आपलं स्टेटस दिसू नये असं करता येतंय. मी ते वापरते आणि त्यात काही वावगं नाही असं माझं मत.

का विचारतेय ते सांगते. बेळगावजवळ भुतरामहट्टीला पीजी म्हणजे पदव्युत्तर करतेय, हॉस्टेलला रूममेट कन्नड, गोकाककडची. चांगली आहे, म्हणजे खरंच चांगली, मेसला जाताना आधी 'ऊट आतेन' (जेवण झालं का) विचारणार, गावाहून आली की शेंगाचटणीचा डबा उघडून अर्धी माझ्या ताटात. आता १ नोव्हेंबर म्हटल्यावर तिचा कर्नाटक राज्योत्सव, आणि आमचा सीमाभाग कर्नाटकात घातला म्हणून आमचा काळा दिन. आमचे आजोबा त्या दिवशी दंडाला काळी फीत लावल्याशिवाय कधी उंबऱ्याबाहेर पडले नाहीत, मग मी स्टेटस नाही लावायचं का? लावलं. तिला वगळून लावलं. वर्गातल्या कुणीतरी स्क्रीनशॉट काढून तिला पाठवला. आणि तिला राग कशाचा आला तर काळ्या दिनाचा नाही, 'मला का वगळलीस' याचा! ज्या माणसाबरोबर एका खोलीत झोपायचंय त्याच्या तोंडावर सकाळी सकाळी हे कशाला मारायचं, एवढाच माझा हेतू. घरात तरी आपण सगळ्यांसमोर सगळं बोलतो का?

टिळकवाडी_कट्टा:
चूक. शंभर टक्के चूक. स्टेटस म्हणजे चारचौघांत मारलेली घोषणा, ती मारायची आणि ज्याला ऐकू जायला पाहिजे त्याच्याच कानात बोळे घालायचे, हे कसलं बे? माझा कॉलेजातला दोस्त त्या दिवशी लाल-पिवळा झेंडा डीपीला लावतोय, मी काळा लावतोय. कँटीनला दुपारी भांडतोय पण, सीमाप्रश्नावरच्या महाजन अहवालापासनं सुरू होतंय ते महाराष्ट्राच्या सुप्रीम कोर्टातल्या दाव्यापर्यंत, २००४ पासनं पडून आहे त्याचं काय म्हणून मी ओरडतोय, मग तो ओरडतोय, शेवटी चहाचे पैसे कुणी द्यायचे यावर गाडी येत्या. त्याला माझं मत माहीत आहे म्हणून तर तो दोस्त. तुम्ही रूममेटला भांडायचा चान्सच दिला नाहीत की.

निपाणी_फास्ट:
@टिळकवाडी_कट्टा तुमचा दोस्त एक आहे वो, स्टेटस बघणारे तीनशे. २०२१ च्या डिसेंबरात काय झालं विसरला काय? बेंगळुरात शिवरायांच्या पुतळ्यावर शाई ओतल्याचा व्हिडिओ फिरला, इकडं बेळगावच्या अनगोळात संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची तोडफोड झाली आणि बेळगावात जमावबंदी लागली. ज्यांचा कशाशी संबंध नाही ती पोरं पण स्टेटस डिलीट करत बसलेली. माझ्या घरनं तर रात्री फोन, 'आधी ते काढ, मग जेव'. ताईंनी लपवलं ते बरंच केलं. मी तर लावतच नाही काही, फक्त गुड मॉर्निंग आणि म्हसोबाची जत्रा.

जुना_विद्यार्थी:
आमच्या वेळी मोबाईल नव्हते. १ तारखेला मी काळ्या दिनाच्या सायकल फेरीत, माझा वर्गमित्र चन्नम्मा चौकातल्या राज्योत्सवाच्या मिरवणुकीत, दोघांनाही ठाऊक. २ तारखेला वर्गात शेजारी बसायचो आणि त्या विषयावर चकार शब्द नाही. आता कुणी म्हणेल बघा किती समंजस होतो. समंजस कसले, बोलायची हिंमत नव्हती! पाच वर्षं एका बाकावर काढली आणि त्याच्या घरी या प्रश्नाबद्दल काय बोलतात हे मला आजही माहीत नाही. त्यामुळं जुनं ते सोनं म्हणणाऱ्यातला मी नाही. पण एक आहे, तेव्हा मी कुठं होतो याचा पुरावा कुणाच्या खिशात नव्हता.

शहापूरची_सून:
सगळे त्या बिचाऱ्या दोघींवर घसरलाय, स्क्रीनशॉट पाठवणाऱ्याला कुणी काही बोलतच नाही!! खरा काडीबहाद्दर तो. आमच्या वर्गात पण अशी एक होती, कुणी कुणाला लिस्टीतनं काढलं, कुणाची ब्लू टिक बंद, कुणाचा लास्ट सीन लपलेला, सगळा हिशोब तिच्याकडं. रूममेटला २४ तासांत आपोआप जाणारी गोष्ट कळलीच नसती, आणि आता ती तिच्या गॅलरीत कायमची पडली. आधी त्याला जाऊन विचार, तुला काय मिळालं म्हणून.

टिळकवाडी_कट्टा:
@शहापूरची_सून पाठवणारा नालायक, मान्य. पण लपवलेलं होतं म्हणूनच त्याला पाठवण्यात मजा आली ना? उघडं असतं तर स्क्रीनशॉटला किंमत काय!

खानापूरकरीण:
@टिळकवाडी_कट्टा तुम्ही दोघं पोरं, भांडून आपापल्या घरी जाताय. आम्हाला रात्री दहाला तोच दिवा बंद करायचा असतो. आणि आम्ही कुठल्या भाषेत भांडायचं ते सांगा, माझी कन्नड मेसपुरती, तिची मराठी बसपुरती. मोडक्या इंग्लिशमध्ये सीमाप्रश्न सांगून बघा एकदा. सुटीत राग आला तर खानापूरची बस पकडते मी, कर्नाटकात सरकारी बसला बायकांना तिकिटाचे पैसे पण लागत नाहीत, पण परत यायचं त्याच खोलीत.

@शहापूरची_सून त्याला विचारलं. 'मला वाटलं तिला माहीत असेल' म्हणाला. काय बोलणार.

निपाणी_फास्ट:
रूममेट बोलते का मग आता?

खानापूरकरीण:
बोलते की. चटणी पण आली परवा. स्टेटस मात्र तिचं मला दिसेना झालंय, राज्योत्सवाचं काय लावलं होतं ते कळलंच नाही. पुढच्या वेळी मी तिला आधी सांगून वगळणार आहे.

टिळकवाडी_कट्टा:
सांगून लपवायचं? हे म्हणजे अजूनच भारी. तिनं 'बघू दे की' म्हटलं तर काय करणार?

खानापूरकरीण:
मग दाखवीन. भांडण झालं तर इथंच येऊन लिहिते, तयार राहा.