विस्टेरिया: पाला रानोमाळ, फूल नाही

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): बियांपासून केलेला विस्टेरिया (जांभळ्या फुलांच्या घोसांचा वेल) चार वर्षांचा झालाय. पाला भरपूर, कळी एकही नाही. दरमहा शेणखत घालतो. काय चुकतंय?

उत्तर १: शेणखत आधी थांबवा, जास्त नत्राने पालाच वाढतो. आणि बियांच्या रोपाला फुलायला १०-१५ वर्षंही लागतात. कलमी रोप ३-४ वर्षांत फुलतं.

उत्तर २: मुळात त्याला कडक हिवाळा लागतो, तो कोल्हापुरात कुठला? ठेवायचाच तर लांब फुटवे पावसाळ्यात ५-६ पानांवर, हिवाळ्यात २-३ डोळ्यांवर छाटा. बुंध्याशी पाणी तुंबू देऊ नका. उरलेल्या बिया मुलांपासून लांब ठेवा, विषारी असतात.

उत्तर ३: जांभळे घोसच हवेत ना? मग सरळ पेट्रिया (तशाच जांभळ्या घोसांचा, उष्ण हवेत फुलणारा वेल) लावा. भरपूर ऊन, भक्कम मांडव, बहर ओसरला की छाटणी.