म्हातारं कुत्रं आणि जगाच्या बातम्या : अनुभव धागा

कुत्रं म्हातारं झालं की सकाळच्या फेरीचा वेग बदलतो. ते प्रत्येक खांबापाशी थांबतं, हुंगतं, दम खातं. तेवढ्या वेळात हातातल्या मोबाइलवर युक्रेन, गाझा, आयातशुल्क, तेलाचे भाव असं सगळं वाचून होतं. घरातलं थकलेलं जनावर आणि लांबच्या देशांतल्या घडामोडी रोज एकाच वेळी समोर येतात, आणि पुष्कळदा त्यांचा एकमेकांशी संबंधही निघतो. म्हणून दोन्हींवर मिळून हा धागा.

विनंती एवढीच, की कुत्र्याच्या लाडाच्या आठवणी इथे नकोत. ज्याला काम पडतं त्याला माप लागतं. औषधाची मात्रा "अर्धी गोळी" अशी लिहू नका. मिलिग्रॅम आणि कुत्र्याचं वजन लिहा. काय बिघडतं आणि का, तेही लिहा.

परभणी, जनावरांचा दवाखाना

सांधेदुखीपासून सुरू करतो, कारण सगळ्यात घातक चुका तिथे होतात. कुत्रं उठताना आधी पुढचे पाय टेकवतं, मग मागचं धड ओढतं आणि दहा-पंधरा पावलांनी मोकळं होतं, तर बहुधा संधिवात आहे. चालताना मागचा पंजा घासत असेल, नखं वरच्या बाजूने झिजली असतील, तर दोष मणक्यात शोधावा लागतो. तिथे वेदनाशामकाने फारसं काही होत नाही.

संधिवातात मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक देतात. पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, दुसऱ्या दिवसापासून ०.१, दिवसातून एकदा, पोटात अन्न असताना. म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याला रोज दीड मिलिग्रॅम. माणसांच्या गोळ्या साडेसात आणि पंधरा मिलिग्रॅमच्या असतात. पंधराची अर्धी दिली की मालकाला वाटतं आपण कमीच दिली. प्रत्यक्षात ती पाचपट झाली. काळी डांबरासारखी शी, उलटी, खाणं बंद ही त्याची खूण. कुत्र्यांसाठीचं द्रव औषध मिलिलिटरमागे दीड मिलिग्रॅमचं मिळतं, ते बिनसुईच्या सिरिंजने मोजता येतं. सोबत प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड कधीही नको. एप्रिल-मेमध्ये कुत्रं पाणी कमी पीत असेल तर ही मात्रासुद्धा मूत्रपिंडावर येते, म्हणून आधी पाणी, मग औषध. औषध बरेच महिने चालवायचं असेल तर सुरू करण्यापूर्वी आणि नंतर दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन आणि त्यांची पॅरासिटामॉलबरोबरची जोडगोळी कुत्र्याला द्यायचीच नाही.

आता जगाची बाजू. याच डायक्लोफिनॅकने भारतीय उपखंडातली गिधाडं संपवली. औषध दिलेलं गाय-बैल मेलं, गिधाडांनी ते खाल्लं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. २००६ मध्ये भारत, पाकिस्तान आणि नेपाळ या तिन्ही देशांनी जनावरांसाठी ते बंद केलं. इतर कशावर एकमत न होणाऱ्या शेजाऱ्यांचं या एका औषधावर झालं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पर्याय म्हणून जे सुरक्षित ठरलं ते मेलॉक्सिकॅमच. गिधाडं गेल्यावर गावाबाहेरचं मढं कुत्र्यांना उरलं, त्यांची संख्या वाढली आणि रेबीजचा धोकाही. आपल्या ओसरीवरच्या कुत्र्याच्या गोळीमागे एवढं सगळं आहे.

लातूर

पाण्याचं लिहितो. निरोगी कुत्र्याला दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला एक ते सव्वा लिटर. उन्हाळ्यात जास्त. पण किलोमागे १०० च्या वर, म्हणजे याच कुत्र्याने रोज दोन लिटरच्या पुढे प्यायला सुरुवात केली, तर ऊन म्हणून सोडून देऊ नका. मूत्रपिंड, साखर, आणि नसबंदी न केलेल्या मादीत गर्भाशयातला पू ही तीन कारणं आधी बघायची. तिसरं सगळ्यात तातडीचं: माजानंतर महिना-दोन महिन्यांनी मादी सुस्त झाली, पाणी खूप पिते, पोट तटतटलंय, मागून स्राव असो की नसो, त्याच दिवशी दवाखाना.

मोजायची रीत सोपी आहे. सकाळी दोन लिटरची बाटली भरून ठेवायची, भांड्यात फक्त तिच्यातूनच पाणी घालायचं, दुसऱ्या सकाळी बाटलीत आणि भांड्यात उरलेलं वजा करायचं. सलग तीन दिवस. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी प्रेमाने तांब्याभर ओततं आणि हिशेब चुकतो.

पाणी जास्त पितंय म्हणून भांडं उचलून ठेवणारे लोक आहेत. असं करू नका. निकामी होत चाललेलं मूत्रपिंड पाणी धरून ठेवू शकत नाही. ते बाहेर जाणारच, आत काही गेलं नाही तर कुत्रं दोन दिवसांत आडवं होतं.

टँकरच्या दिवसांत खरा खर्च पिण्याचा नसतो, धुण्याचा असतो. अंथरुणात लघवी होणाऱ्या कुत्र्याची वाकळ धुवायला दोन बादल्या जातात. त्यावर उपाय म्हणून अंथरुणाचे थर लावायचे: खाली खताचं रिकामं, धुतलेलं प्लास्टिकचं पोतं, त्यावर वर्तमानपत्राच्या सहा-सात घड्या, वर जुन्या धोतराचं नाहीतर साडीचं सुती कापड. रोज धुवायचं ते फक्त वरचं कापड, अर्ध्या बादलीत. कपडे धुतलेलं शेवटचं पाणी चालतं, पण फिनेलचं नको. त्याने पोटाची कातडी भाजते.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे शहर आहे. २०१८ मध्ये केपटाउनने माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली, तेव्हा जगभर मथळे झाले. आपल्याकडे त्याहून कमी पाण्यात घरं चालली आणि त्यात जनावरंही जगवली गेली. पाणीटंचाईच्या चर्चेत शहरं मोजतात, घराच्या दारातलं जनावर कुणी मोजत नाही.

औसा, शेतवस्ती

आमच्या भागात कारवान अन् पश्मी ही सडपातळ शिकारी कुत्री लई. त्यांचं गणित लॅब्राडोरहून वेगळं हाय, त्येवढं सांगतो.

अंगावर चरबी नसते, म्हणून म्हातारपणी कोपरं अन् मांड्यांची हाडं जमिनीला घासून घट्टे पडतात, मग फुटतात. तरटाच्या पोत्यात सोयाबीनचं भुसकट भरू नका, टोचतं अन् ओलं झालं की कुजतं. कापूस नाहीतर जुन्या कपड्यांच्या चिंध्या भरून चार बोटं जाड गादी करा. उठताच येईना झालं तर दर तीन-चार तासाला कूस बदला. उठवायचं असेल तर पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढं, पंचा घालायचा अन् दोन्ही टोकं वर धरायची. शेपटीला धरून उचलायलेत लोक, त्यानं कणा जातो.

डिसेंबर-जानेवारीत रातच्याला थंडी जबर पडती. पोत्याचंच जाकीट करा, पण पोटाखालचा भाग मोकळा ठेवा, नाहीतर नर कुत्रं त्यातच मुततं.

अन् दात काढायला, गाठ काढायला भूल द्यायची येळ आली तर डॉक्टरसायबाला आधीच सांगा की कारवान हाय. थायोपेंटल नावाची जुनी भूल ह्या जातीच्या शिकारी कुत्र्यांच्या अंगातून लवकर उतरत नाही, तासन् तास शुद्ध येत नाही. दुसरी भूल मिळती.

ह्या सगळ्याला पैसा लागतो अन् आमच्याकडं पैसा म्हंजी सोयाबीन. चीननं अमेरिकेचं घेतलं का ब्राझीलचं, ह्यावर लातूरच्या आडतीतला भाव हलतो. मे २०२५ मध्ये सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क २० वरून १० टक्के केलं. शहरात तेल स्वस्त व्हावं म्हणून. पण बाहेरचं तेल स्वस्तात आलं की हितल्या बियाला कोण पुसतंय? घरात पैसा आटला की पहिलं लांबणीवर पडतं ते जनावराचं औषध, त्यातबी कुत्र्याचं. बैलाचं न्हाई.

नांदेड

रात्रीबद्दल. म्हातारं कुत्रं रात्री दोनला उठून घरभर फिरतं, कोपऱ्यात तोंड करून उभं राहतं, दाराच्या बिजागरीकडच्या बाजूने बाहेर जायला बघतं. हा मेंदूचा म्हातारपणीचा आजार आहे, खोडी नव्हे. पण त्याआधी दुखणं आणि लघवीची घाई ही दोन कारणं बाजूला काढा. बऱ्याचदा तीच निघतात. उपाय घरगुती आहेत: खाट, कपाट हलवायचं नाही, पाण्याचं भांडं आणि अंथरूण यांच्यामध्ये शून्याचा दिवा, शेवटचं जेवण सात वाजता, शेवटची लघवी साडेदहाला, दिवसा, सकाळच्या उन्हात, दोनदा तरी बाहेर. दिवसभर अंधाऱ्या खोलीत झोपवलं की रात्र बिघडणारच.

डोळे निळसर झाले म्हणजे मोतीबिंदू असं नसतं. वयाने भिंग घट्ट होतं, दिसायला फार फरक पडत नाही. कापसाचा बोळा त्याच्यासमोर वरून सोडून बघा. नजर मागे गेली तर दिसतंय. मोतीबिंदू पांढरा असतो.

एक घाबरवणारा प्रकार: अचानक मान वाकडी, डोळे डावी-उजवीकडे झटझट हलतात, कुत्रं गोल फिरून पडतं. लोक लकवा किंवा विषबाधा समजतात, काही ठिकाणी लगेच दयामरणाचं बोललं जातं. म्हाताऱ्या कुत्र्यात हा पुष्कळदा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा झटका असतो. बहुतेकदा ७२ तासांत उतार पडतो, दोन-तीन आठवड्यांत चालतं. तोवर पायऱ्यांपासून लांब, दोन्ही बाजूंना लोड, पाणी हाताने. दवाखान्यात कान तपासून घ्या, कारण कानात पू असेल तर उपचार वेगळा. मात्र तीन दिवस थांबा, निर्णय घाईने घेऊ नका.

आवाज. वयाने ऐकू कमी येतं, पण कमी ऐकणारं कुत्रं जास्त दचकतं, कारण आवाज कुठून आला ते त्याला कळत नाही. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत वाहिन्या बातम्यांवर हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवत होत्या. शेवटी सरकारला सूचना काढावी लागली की हा आवाज कार्यक्रमात वापरू नका. सूचनेचं कारण योग्य होतं: खऱ्या भोंग्याकडे लोकांचं दुर्लक्ष होऊ नये. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांवर आणि जनावरांवर तो काय करतो, याचा विचार वाहिन्यांनी स्वतः करायला हवा होता. युद्धाची बातमी वाचूनही कळते. टीव्हीचा आवाज बंद ठेवून खालची पट्टी वाचा.

बीड

खाण्याचं थोडक्यात. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून, त्यात उकडलेलं कोंबडीचं मांस किंवा अंडं, मूठभर लाल भोपळा. दिवसातून दोनदा, दात नसतील तर तीनदा थोडं थोडं. शिळी भाकर चालते, पण येसराच्या आमटीत कुस्करून नाही: त्यात कांदा-लसूण असतो आणि तो शिजवला तरी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. एका दिवसात कळत नाही. चार-पाच दिवसांनी हिरड्या पांढऱ्या दिसतात. द्राक्षं, मनुके अजिबात नको. शिजवलेलं हाड नको. मूत्रपिंड बिघडलेल्या कुत्र्याला कलेजी आणि हाडाचा चुरा बंद, त्यात फॉस्फरस जास्त.

गोळी भाकरीच्या लाडूत तूप लावून द्या. आधी एक रिकामा लाडू, मग गोळीचा, मग लगेच पुन्हा रिकामा.

छत्रपती संभाजीनगर

"आता ते घराबाहेर जात नाही" म्हणून दहा-बारा वर्षांच्या कुत्र्याची रेबीजची लस थांबवतात. भटकं कुत्रं, मुंगूस अंगणात येतंच. दरवर्षीची लस शेवटपर्यंत चालू ठेवा. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. गावी न्यायची असेल तर थर्मासमध्ये बर्फ, बर्फावर कापडाची जाड घडी आणि त्यावर कुपी. कुपी थेट बर्फाला टेकून गोठली तरी लस वाया जाते, हे पुष्कळांना माहीत नसतं. कुत्रं माणसाला चावलं तर जखम १५ मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली, मग दवाखाना. हळद, मिरची, चुना काही नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्ली परिसरातली भटकी कुत्री निवाऱ्यात हलवायला सांगितलं आणि २२ ऑगस्टला तो आदेश बदलून नसबंदी-लस करून मूळ जागी सोडा असं म्हटलं. रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री वगळून. २०२४ मध्ये तुर्कस्तानने भटकी कुत्री निवाऱ्यात नेण्याचा कायदा केला. चावा सोसलेल्या मुलाच्या आईबापांचा संताप खरा आहे, तो कुणी हलका घेऊ नये. पण रेबीज थांबतो तो किमान ७० टक्के कुत्र्यांना लस दिल्याने. आणि निवाऱ्याचं आणखी एक: एकाच भांड्यावर तीस कुत्री सोडली की आधी उपाशी राहतं ते म्हातारं. निवारा काढणार असाल तर सात वर्षांवरच्यांसाठी वेगळा कप्पा आणि वेगळी वाढप, ही पहिली अट हवी.

धाराशिव

शेवटच्या कामाचं कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. पुरायची जागा काळ्या मातीत नको. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि वास बाहेर येतो. मुरमाड जागा, विहीर-बोअरपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला. खड्डा किमान चार फूट, वर दगड आणि बाभळीच्या काट्या. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, सुती कापड पुरे. दयामरणासाठी पेंटोबार्बिटल दिलं असेल तर ते शरीरात टिकून राहतं आणि उकरून खाणाऱ्या कोल्ह्या-कुत्र्याला मारतं. परभणीच्या डॉक्टरांनी गिधाडांचं लिहिलंय तेच इथेही लागू. अशा वेळी पाच फूट खणा.

हिंगोली

परभणीच्या डॉक्टरसाहेबांच्या मात्रेला वजन लागतं आणि घरी काटा नसतो. किराणा दुकानाचा पोत्याचा काटा चालतो: आधी कुत्र्याला उचलून उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजा करायचं. महिन्यातून एकदा, रिकाम्या पोटी. २० किलोचं कुत्रं काही न बदलता दोन किलो उतरलं, तर खाणं वाढवण्याआधी रक्त तपासा.