जेफरसनने स्वतःचीच बंदरं का बंद केली?

वाटसरू: जून १८०७ मध्ये ब्रिटिश युद्धनौका 'लेपर्ड'ने व्हर्जिनियातल्या नॉरफॉकजवळ अमेरिकेच्या 'चेसापीक' या युद्धनौकेवर तोफा डागल्या आणि चार खलाशी धरून नेले. लोक युद्ध मागत होते. अमेरिकेचा अध्यक्ष जेफरसन याने मात्र आपल्याच जहाजांना बंदराबाहेर जायची बंदी केली. हा काय हिशेब?

दर्यावर्दी: लढणार कशाने? कर्ज फेडायचं म्हणून आरमाराचा खर्च कापलेला, भर किनाऱ्यापुरत्या तोफनौकांवर. त्यात ब्रिटन आणि नेपोलियनचा फ्रान्स यांच्या युद्धामुळे दुहेरी कोंडी: ब्रिटनचे हुकूम पाळले तर नेपोलियन जहाज जप्त करणार, नेपोलियनचे पाळले तर ब्रिटन. अमेरिकेचा कापूस आणि धान्य अडवलं की ब्रिटन नमेल, असा होरा होता. २२ डिसेंबर १८०७ ला बंदीच्या कायद्यावर सही झाली. अर्थमंत्री गॅलॅटिनने आधीच बजावलं होतं की कायमच्या बंदीपेक्षा युद्ध परवडेल.

जुनी_वही: खरी गंमत कायद्यातल्या भोकांत आहे. परदेशी जायला बंदी, पण एका अमेरिकी बंदरातून दुसऱ्यात माल नेता येई; त्यासाठी जहाज आणि मालाच्या दुप्पट किमतीचा जामीन. मग जहाज 'वादळात भरकटून' नेमकं वेस्ट इंडीजलाच लागायचं! जमिनीवरून कॅनडात माल नेण्यावर तर मार्च १८०८ पर्यंत बंदीच नव्हती. ती आल्यावरही कॅनडाच्या सीमेवरच्या शॅम्प्लेन सरोवरातून लाकडाचे तराफे जातच राहिले. एप्रिलमध्ये जेफरसनला तिथल्या चोरट्या व्यापाऱ्यांविरुद्ध जाहीरनामा काढावा लागला.

वाटसरू: आणि ब्रिटनला चिमटा बसलाच नाही?

दर्यावर्दी: बसला, पण बेताचा. १८०८ मध्ये नेपोलियन स्पेनमध्ये घुसला, तशा स्पेनच्या दक्षिण अमेरिकी वसाहती ब्रिटिश मालाला मोकळ्या झाल्या. नेपोलियनने तर कहर केला. अमेरिकी जहाजांना बाहेर पडायची बंदी आहे, म्हणजे फ्रेंच बंदरातलं 'अमेरिकी' जहाज सोंग घेतलेलं ब्रिटिशच, असं म्हणून जप्तीचा हुकूम काढला. इकडे अमेरिकेची निर्यात १०.८ कोटी डॉलरवरून २.२ कोटींवर आली. केंद्राचा खजिना मुख्यतः आयात जकातीवर चालायचा, तोही आटला.

जुनी_वही: जानेवारी १८०९ च्या कायद्याने जकात अधिकाऱ्यांना नुसत्या संशयावरून माल जप्त करता येऊ लागला. न्यू इंग्लंड, म्हणजे अमेरिकेची ईशान्येकडची राज्यं, तिथे बिथरलं. केंद्राचे अधिकार कमी हवेत म्हणणाऱ्या जेफरसनच्या पक्षाने असा कायदा करावा, हे मला सगळ्यात खटकतं. १ मार्चला बंदी उठवण्यावर सही, आणि ४ मार्चला नवा अध्यक्ष मॅडिसनच्या गळ्यात तेच लोढणं. नवी बंदी फक्त ब्रिटन-फ्रान्सपुरती. पण जहाज एकदा समुद्रात गेलं की ते कुठे वळतं, हे पाहणार कोण?