अंगणवाडीमागची जागा अन् हापशीचं पाणी

बचत गट ताई: हापशीचं सांडपाणी अंगणवाडीच्या मागं साचते अन् डास तथूनच येतात. त्याच पाण्यावर गावाची परसबाग करू असं गटात ठरलं, मृगाच्या आधी जागा साफ करा लागते, कोण कोण येता सांगा

किराणा भाऊ: ताई घरोघरी वावर हाय, मंग गावात भाजी कायले लावाची?

बचत गट ताई: वावरात हाय काय भाऊ? कपाशी, सोयाबीन, तूर. भाजी त आपून बाजारातूनच आणतो. पहिले निंदता निंदता बाया घोळ, तांदूळजा ओट्यात घेऊन येत, धुऱ्यावर तरोटा भेटे, तणनाशक मारणं सुरू झालं अन् तेही गेलं. अन् जिले वावरच नाई, रोजानं जाते, तिनं कुठून आणाव? पहिला हक्क तिचा अन् अंगणवाडीतल्या लेकरायचा, उरलं त बाकीच्यायले

गुरुजी: शेवगा नक्की लावा, शेंगा अन् पाला दोन्ही पोषण आहारात चालतात. फक्त कपडे-भांड्यांचं साबणाचं पाणी पालेभाजीला जाऊ देऊ नका, ते कर्दळीकडे वळवा

काका: अळी पडली त? माह्याजवळ कपाशीचं औषध उरलं हाय, एक पंप मारून देतो

बचत गट ताई: नाई काका, तुमचं मन चांगलं हाय पन ते औषध नको. 2017 ले यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेले, ते लेकरायच्या ताटात कसं जाऊ द्याव? निंबोळ्या जमा करू, वाळवून अर्धा किलो भुगा 10 लिटर पाण्यात रातभर भिजवला की 5 टक्के अर्क होते, गाळून त्याच दिवशी फवाराचा. अन् भेदरायच्या (टमाटरच्या) मधात झेंडू लावू, अळीचं पाखरू पहिले झेंडूवर अंडे घालते

वहिनी: ताई मे महिन्यात 45 डिग्रीत हापशीलेच पाणी नसते न, तवा काय

बचत गट ताई: हाव वहिनी, तवा पालेभाजी लावाचीच नाई. सोयाबीनचं कुटार झाडायच्या बुडाशी पसरू, ओल टिकते, कोणी जाळू नका बापा यावर्षी. शेवगा, गोडलिंब तेवढ्यावर निघून जाते. अन् वांगं, वाल गावरानच लावू, बी आपल्याच घरी ठेवता येते, संकरितचं बी धरलं त दुसऱ्या साली तसं झाड येत नाई

किराणा भाऊ: माह्या खळ्यात कपाशीच्या वाळल्या बंडीभर पऱ्हाट्या हायेत, कुंपणाले घेऊन जा, नाईतर बकऱ्या काई ठेवत नाईत

बचत गट ताई: लय काम झालं भाऊ! रविवारी ऊन चढाच्या आधी या सगळे, फावडं-टोपलं ज्याचं त्यानं आणा