मदत हवी आहे: पासिंग २०२८ पर्यंत असताना गाडी अयोग्य म्हणून चालान होऊ शकते का?

आर्वीचा_कास्तकार
नमस्कार. काल दुपारी आर्वीहून वर्ध्याकडे जाताना तपासणी पथकाने माझी गाडी थांबवली आणि ती रस्त्यावर चालवण्याच्या स्थितीत नाही असे सांगून १५०० रुपयांचे चालान केले. आरसी, विमा आणि पीयूसी ही तिन्ही कागदपत्रे दाखवूनही त्यांनी ऐकले नाही. ज्या खात्याने गाडी तपासून पाच वर्षांची मुदत दिली, त्याच खात्याने मुदत संपण्याआधी तिला अयोग्य ठरवावे, हे कोणत्या कायद्यात बसते? चालान भरावे की न्यायालयात जावे, एवढेच सांगा. मंगळवारी आईला नागपूरला दवाखान्यात न्यायचे आहे, त्यामुळे उत्तर लवकर हवे आहे.

हिंगणघाटकर
भाऊ, एवढ्या माहितीवर कोणीच नेमके सांगू शकणार नाही. गाडी खासगी आहे की पिवळ्या पाटीची? चालानावर कोणते कलम लिहिले आहे? आणि निरीक्षकांनी नेमका कोणता दोष दाखवला?

पिवळी_पाटी_पुसद
माझी प्रवासी गाडी आहे. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी मला फिटनेस घ्यावा लागतो. प्रमाणपत्र चालू असताना माझे असे चालान कधीच झाले नाही. प्रमाणपत्र हाच पुरावा आहे, तुम्ही बिनधास्त न्यायालयात जा.

धामणगावचे_गुरुजी
काचांवर काळी फिल्म असल्यास ती आधी काढून टाकावी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०० प्रमाणे पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. माझ्या पुतण्याला याच कारणासाठी दंड झाला होता.

आर्वीचा_कास्तकार
गुरुजी, फिल्मचा येथे काहीही संबंध नाही. गाडी पांढऱ्या पाटीची, पेट्रोलवर चालणारी, २००८ ची आहे आणि २०२३ मध्ये नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे. कलम १९० लिहिले आहे. पुढचे टायर खराब असल्याचे निरीक्षकांचे म्हणणे होते, पण टायर चांगले आहेत. फोटो जोडला आहे, त्यात नक्षी स्पष्ट दिसते.

वर्ध्याची_वकील
कलमामुळे आता प्रश्न स्पष्ट झाला. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ नुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे आणि नूतनीकरणानंतर पाच वर्षे वैध राहते. ती मुदत नोंदणीची आहे; त्या पाच वर्षांत टायर, ब्रेक आणि दिवे योग्य स्थितीतच राहतील, अशी हमी तीत कोठेही नाही. निरीक्षकांनी २०२३ साली जे पाहिले ते त्या दिवसापुरते होते. कलम १९०(१) मात्र गाडी सार्वजनिक रस्त्यावर असते त्या प्रत्येक दिवशी लागू असते. चालवणाऱ्याला माहीत असलेला, किंवा त्याने साधी काळजी घेतली असती तर लक्षात आला असता असा धोकादायक दोष गाडीत असेल, तर पासिंग कधी झाले हा मुद्दाच उरत नाही. दंड १५०० रुपये आहे. पण त्याच दोषामुळे अपघात होऊन कोणाला इजा झाली किंवा मालमत्तेचे नुकसान झाले, तर पहिल्याच गुन्ह्यात तीन महिन्यांपर्यंत कैद, ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून माझ्या दृष्टीने येथे १५०० रुपयांपेक्षा टायर महत्त्वाचे आहेत.

पिवळी_पाटी_पुसद
मॅडम, मग पासिंगसाठी शुल्क कशाला घेतात? एकदा तपासल्यावर पुन्हा रस्त्यात अडवणे हा सरळ त्रास आहे.

वर्ध्याची_वकील
त्रास होतो हे मला मान्य आहे आणि अडवणूक झाली तर तक्रार जरूर करावी, पण अधिकार नाही असे म्हणता येणार नाही. गाडी सार्वजनिक ठिकाणी धोकादायक ठरेल अशा स्थितीत असेल, तर मालकाला बाजू मांडण्याची संधी देऊन नोंदणी निलंबित करण्याची तरतूद कलम ५३ मध्ये आहे. मुदत चालू असताना काहीच करता येत नसते, तर या कलमाला अर्थच राहिला नसता. आपल्या फिटनेसलाही हेच लागू आहे.

गॅरेज_तीस_वर्षे
फोटो पाहिला. तो टायरच्या बाहेरच्या बाजूचा आहे आणि ती बाजू चांगली आहे, हे मीही मान्य करतो. आता एवढे करा. गाडी सपाट जागी उभी करून स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, खाली बसा आणि टायरची आतली कड पाहा. मग दुसऱ्या बाजूला वळवून दुसरा टायर पाहा. खाचांच्या तळाशी रबराच्या लहान आडव्या पट्ट्या असतात. त्या कोठे आहेत हे टायरच्या कडेला छापलेल्या टीडब्ल्यूआय या अक्षरांवरून किंवा छोट्या त्रिकोणावरून सापडते. नक्षी झिजून त्या पट्टीला टेकली की टायर संपला. त्याच केंद्रीय नियमांतील नियम ९४ मध्ये चारचाकीसाठी १.६ मिलिमीटर खोलीची मर्यादा आहे. टायरवरचा चार आकडी शिक्काही वाचून येथे लिहा. आणखी एक सांगा, गाडी पांदण रस्त्याने वावरात नेता का?

आर्वीचा_कास्तकार
रोज नेतो. कापूस वेचणीच्या दिवसांत दोन-दोन फेऱ्या होतात. त्याचा येथे काय संबंध?

आर्वीचा_कास्तकार
आत्ताच पाहून आलो. डाव्या टायरची आतली कड पूर्ण गुळगुळीत आहे आणि वीतभर लांबीत तारा बाहेर आल्या आहेत. बोट फिरवले तर टोचतात. उजव्या टायरच्या तारा दिसत नाहीत, पण नक्षी पट्टीला टेकली आहे. शिक्का २३१६ आहे. हे टायर मी पासिंगच्या आधी जुन्या बाजारातून घेतले होते. मागच्या आठवड्यात याच टायरवर आईला नागपूरला नेऊन आणले.

गॅरेज_तीस_वर्षे
शिक्क्याचा अर्थ २०१६ सालचा तेविसावा आठवडा. म्हणजे पासिंगच्या वेळीच ते सात वर्षांचे होते. पांदणीच्या खड्ड्यांत टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाशी जोडणारा सांधा) आणि लोअर आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या सांध्यातले रबर) ढिले होतात, चाकाची दिशा बदलते आणि फक्त आतली कड घासली जाते. उभ्याने पाहणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. आधी हे सुटे भाग तपासा, मग टायर बदला आणि शेवटी अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा नीट जुळवून घ्या. क्रम चुकला तर नवे टायरही तसेच झिजतील.

रिमोल्डवाला_यवतमाळ
नवे टायर घेण्याची गरज नाही. चांगले रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवे रबर चढवलेले टायर, निम्म्या खर्चात होतात आणि मी स्वतः अनेक वर्षे वापरतो आहे.

गॅरेज_तीस_वर्षे
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला वापरत असाल तर माझे काही म्हणणे नाही. ज्या टायरच्या तारा बाहेर आल्या त्यावर रिमोल्ड होत नाही. दुसऱ्या कोणाच्या टायरवर केलेले रिमोल्ड पुढच्या चाकांना लावून आजारी माणसाला नागपूरला न्यावे, हे मला मुळीच पटत नाही.

हिंगणघाटकर
विम्याचेही ध्यानात ठेवा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईच्या पॉलिसीत गाडी सुस्थितीत ठेवण्याची अट असते. अशा टायरमुळे अपघात झाला, तर दाव्याच्या वेळी तो मुद्दा निघू शकतो.

आर्वीचा_कास्तकार
चालान आज भरतो. सुरुवातीला मी दोष नेमका लिहिला नाही, ही माझी चूक झाली. उद्या वर्ध्याला दोन्ही पुढचे टायर नवे घेतो, पण बुश आणि टाय रॉड एंडचे काम मंगळवारपूर्वी होईल का?

गॅरेज_तीस_वर्षे
सुटे भाग मिळाले तर एका दिवसात होते. मात्र आर्वीहून वर्ध्यापर्यंत त्या डाव्या टायरवर जाऊ नका, स्टेपनी चांगली असेल तर आजच बदलून घ्या. चाक काढले की मागच्या टायरचीही आतली बाजू पाहा. मागचे चाक स्टिअरिंगने वळत नाही, त्यामुळे ते जॅकवर उचलून हाताने फिरवावे लागते. जॅक सपाट आणि कडक जमिनीवर लावा आणि गाडीखाली जाऊ नका.

वर्ध्याची_वकील
टायर आणि दुरुस्तीच्या पावत्या चालानाच्या पावतीसोबत गाडीतच ठेवा. मंगळवारी पुन्हा तपासणी झाली, तर दोष दूर केल्याचे त्यावरून लगेच दाखवता येईल.