स्पर्श कमी म्हणजे जिव्हाळा कमी?

मूळ प्रस्ताव
कॅफेत गप्पा मारत बसलेली माणसे तासाभरात एकमेकांना किती वेळा स्पर्श करतात, याची मोजदाद मानसशास्त्रज्ञ सिडनी जुरार्ड यांनी केली आणि ती १९६६ साली प्रसिद्ध झाली. पोर्तो रिकोतील सान हुआनमध्ये १८०, पॅरिसमध्ये ११०, फ्लोरिडातील गेन्सव्हिलमध्ये २ आणि लंडनमध्ये शून्य, असे ते आकडे होते. माझे मत असे की, मूल जरा मोठे होताच त्याला जवळ घेणे ज्या घरांत बंद होते, तिथली माणसे एका छपराखाली राहूनही एकमेकांना पारखी होतात.

प्रतिसाद १
असहमत. ही मोजणी चारचौघांत झाली. बंद दाराआड काय घडते, ते तिच्यात येतच नाही. जपानमध्ये अभिवादन अंतर राखून, वाकून करतात. पण लहान मुलांनी आईवडिलांच्या शेजारी झोपण्याची आणि त्यांच्याबरोबर स्नान करण्याची रीतही तिथलीच आहे. उलट फ्रान्समध्ये गालाला गाल लावणे नुकत्याच ओळख झालेल्या माणसाच्याही वाट्याला येते. मग यांतला जिव्हाळा कोणता आणि शिष्टाचार कोणता?

प्रस्तावक
जपानचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, कारण मी घरातल्या स्पर्शाबद्दलच बोलत होतो. त्याची गरज शरीरातच आहे. त्वचेतील सी-टॅक्टाइल हे मज्जातंतू सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर अशा संथ गतीने कुरवाळल्यावर सर्वाधिक उद्दीपित होतात. जवळजवळ तीच गती, जिने आई नकळत बाळाच्या पाठीवरून हात फिरवते. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ मध्ये इन्क्युबेटर अपुरे पडत होते, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळे आईच्या छातीशी उघड्या त्वचेला लावून ठेवण्याची पद्धत सुरू केली, आणि आज जागतिक आरोग्य संघटनाही तिची शिफारस करते.

प्रतिसाद २
नवजात बाळावरून थेट मोठ्या मुलांवर उडी मारणे मला पटत नाही. बाळाला ऊब हवी असते. आठ वर्षांच्या मुलाला आपले अंग आपले आहे, हे कळू लागलेले असते. नको म्हणत असतानाही पाहुण्यांना पापा द्यायला लावलेले मूल त्यातून जवळीक शिकत नाही, आपल्या नकाराला किंमत नाही एवढेच शिकते. (मी त्यांतलाच एक.)

प्रस्तावक
बळजबरीचा मुद्दा माझ्या प्रस्तावातून सुटला होता, तो मान्य करतो. परंतु मूल आपणहून मांडीवर येऊन बसले असता, “आता मोठा झालास” असे म्हणून त्याला उठवणारा माणूसही त्याची इच्छा विचारत नसतो.