बाळंतिणीची मालिश: दोन दिवसांच्या उजळणी वर्गात काय घ्यावं?

शेकशेगडी
घरोघरी बाळ-बाळंतिणीची मालिश करणाऱ्या मावशी आणि स्पामधल्या थेरपिस्ट, अशा मिश्र गटासाठी दोन दिवसांचा वर्ग ठरतोय. हात सगळ्यांचेच बसलेले आहेत, त्यामुळे तेल कसं लावायचं यात वेळ घालवायचा नाही. सुरुवात कुठून करावी?

तीळतेल
पायांपासून. जिवावर बेतणारी चूक तिथेच होते. गरोदरपणात रक्त लवकर गोठतं, आणि बाळंतपणानंतरचे ६ आठवडे शिरेत गुठळी होण्याचा धोका सर्वांत जास्त; सिझर असेल तर आणखी. डावा पाय जास्त वेळा सापडतो. दोन्ही पावलं सुजणं नेहमीचं, पण एकच पाय सुजलाय, पोटरी गरम लागतेय, चालताना दुखतेय, तर तेलाची वाटी खाली ठेवायची आणि त्याच दिवशी दवाखाना. रगडलं तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. प्रत्येकीला शिंप्याची टेप द्या. गुडघ्याच्या वाटीखाली सारख्याच अंतरावर दोन्ही पोटऱ्या मोजायच्या. २ सेंमी फरक दिसला की थांबायचं. माप सारखं आलं तरी दुखणं असेल तर थांबायचंच. पायांनी तुडवणं तर बंदच करा.

निगुती
गरोदर बाईला २० आठवड्यांनंतर उताणं झोपवून लांबलचक मालिश नको. गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येतो, चक्कर येते, मळमळतं. कुशीवरच घ्या, शक्यतो डाव्या. एक उशी डोक्याखाली, एक छोटी पोटाखाली, आणि पायांमध्ये लांब लोड, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत. बहुतेकजणी नुसत्या गुडघ्यांत उशी देतात. मग पाऊल खाली लोंबतं, खुबा पिळतो आणि कंबर आणखी धरते.

सिझरच्या टाक्यांवर तेल नको. व्रणाचं काम ६ ते ८ आठवड्यांनी, तेही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. आधी दोन बोटं लांबून कातडी हलकेच सरकवायची, कडा ताणायच्या नाहीत. मणक्यात भूल दिलेल्या बाईचं डोकं बसल्यावर ठणकत असेल आणि आडवं झाल्यावर उतरत असेल, तर तिला पाटावर बसवू नका, डॉक्टरांना कळवा. डोकेदुखीबरोबर नजर धूसर झाली, तर रक्तदाब वाढलेला असू शकतो. बाळंतपणानंतरही तो वाढतो, हे मावशींना पटवावं लागतं. अशा वेळी ताबडतोब दवाखाना.

शेकशेगडी
दूध साकळून छातीत गाठ झाली की गरम शेक देऊन दाबून काढतात. त्याचं काय?

तीळतेल
ती सवय सोडवावी लागेल. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेच्या २०२२च्या सूचनांत जोरात चोळायला स्पष्ट नकार आहे. दाबल्याने आतली सूज वाढते. गार घडी, आणि काखेच्या दिशेने अगदी हलका हात. ताप असेल तर डॉक्टर. हा विषय दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा, वाद होणार.

निगुती
त्यालाच जोडून शेगडीचा विषय घ्या. दारंखिडक्या लावून कोळसा पेटवला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो, त्याला वासही नसतो. धुरी बाळाला नकोच. बाळंतिणीला शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी पुरते, टाक्यांपासून लांब.